ती जुनी पाठ नव्हती, सुरेखा

सुरेखा, तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि मी अजून धड रडलेले नाही. रडू गळ्यापर्यंत येतं, पण तिथं राग आडवा उभा असतो. पिंप्राळ्यातल्या शेजारणी येतात, हात हातात घेतात, म्हणतात, "अलकाताई, मोकळ्या व्हा." मी त्यांना चहा करून देते. त्यांना काय सांगू? मला रडायचं नाहीये, भांडायचं आहे. आणि जिच्याशी भांडायचं ती उठून गेली. नेहमीसारखीच, भांडण अर्धं टाकून.

पेपरात तुझा फोटो आला. भारताच्या टोपीतला. खाली लिहिलं होतं, 'वेदनेवर मात करणारी वेगवान गोलंदाज'. मी तो पेपर रद्दीत टाकला, मग काढला, मग परत टाकला. कसली मात, सुरेखा? तू लपवलंस. मात करणं आणि लपवणं यात केवढा फरक आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, कारण लपवायला आडोसा मीच दिला होता.

तू पहिल्यांदा जळगावला आलीस तेव्हा तुला क्रिकेट येतच नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजकडून भालाफेकीला आली होतीस. आमचे कोच आबा पलीकडे आम्हा मुलींचा सराव घेत होते. तुझा भाला कुठं पडला ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, ते तुझ्या खांद्याकडे बघत राहिले. मग तुला बोलावून हातात बॉल दिला. तू तो दगड मारतात तसा मारलास. माझ्या डोक्यावरून जाऊन तो मागच्या पत्र्यावर असा आदळला की चहावाला टपरीतून बाहेर आला.

"ए पोरी, कैऱ्या पाडायला नाही बोलावलं तुला," आबा म्हणाले. पण हसत होते.

कोपर वाकू नये म्हणून त्यांनी तुझ्या हाताला लाकडी पट्टी बांधली. दोन महिने. तू शनिवारी धुळ्याहून एसटीनं यायचीस, पारोळा, एरंडोल करत, आणि पट्टी घरूनच बांधून निघायचीस. कंडक्टरला वाटायचं हात मोडलाय, तो कुणाला तरी उठवून तुला जागा द्यायचा. तू खुशाल बसायचीस. नसलेलं दुखणं मिरवायला तुला कधी लाज वाटली नाही. असलेलं मात्र तू मेलीस तरी कुणाला दाखवलं नाहीस. हे लिहिताना माझा हात थांबला, पण खोडत नाही. म्हण आहे ती, आणि खरीही झाली.

मी तुझी कीपर होते. लोकांना वाटतं कीपर बॉल बघते. मी तुझे पाय ऐकायचे. तुझ्या धावण्याचा एक ठेका होता, शेवटच्या चार पावलांत तो बदलायचा, आणि त्यावरून मला कळायचं की बॉल आत येणार की सरळ जाणार. मे महिन्यात खेळपट्टीवरचं मॅटिंग तापून तव्यासारखं व्हायचं, बाकीच्या मुली सावलीत पळायच्या, आणि तू म्हणायचीस, "अजून सहा." माझ्या उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. वर्गात खडू धरते तेव्हा मुली विचारतात, बाई, बोटाला काय झालं? मी सांगते, भारताकडून खेळलेल्या बाईनं मोडलंय. अभिमानानं सांगते, काय करू.

तू माझ्यासाठी काय केलंस तेही लिहिते, नाहीतर म्हणशील नुसती भांडत बसली. लग्न झाल्यावर माझ्या सासूबाईंनी खेळ बंद करायला सांगितलं, तेव्हा तू न सांगता आमच्या घरी आलीस, पाटावर बसलीस, त्यांच्या हातच्या भरताचं इतकं कौतुक करत जेवलीस की त्या तुला आग्रह करून थकल्या. हात धुतल्यावर म्हणालीस, "मावशी, भरीत एकटीला करता येतं. बॉलिंग नाही करता येत. पलीकडे धरणारी लागते." पुढच्या रविवारी सासूबाईंनी स्वतः माझे पॅड उन्हात ठेवले. त्यापुढची चार वर्षं मी राज्याच्या संघात खेळले ती त्या एका जेवणामुळे.

आणि तू त्याहून पुढे गेलीस. मी नाही गेले. परदेशातून तुझा पहिला फोन शेजाऱ्यांकडे आला, मी अनवाणी पळत गेले. तू ओरडत होतीस, "अलके, पहिली विकेट! मागं कॅच! झेललं तिनं, पण बॉल तुझा होता गं, तुझ्यासाठीच टाकला होता मी!" शेजाऱ्यांच्या बैठकीत उभी राहून मी हसत होते. आणि सुरेखा, आतून जळतही होते. ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला तिथं असायचं होतं. तो कॅच माझा होता.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मोठ्या स्पर्धेच्या आधीचं ते निवड शिबिर आठव. मला राखीव कीपर म्हणून बोलावलं होतं, आणि आपल्याला एकच खोली मिळाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तू पलंगावर बसलीस आणि बूट घालायला वाकलीस, ती वाकलेलीच राहिलीस. आवाज नाही, काही नाही. चेहरा भिंतीसारखा पांढरा.

"काय झालं?"

"काहीच नही शे," तू म्हणालीस. "लेस बांधी दे ना माले."

तू खोटं बोलायला लागलीस की अहिराणीत शिरायचीस. आईजवळ शिरावं तशी. मी गुडघ्यावर बसून तुझ्या लेस बांधल्या. त्या दिवशी बांधल्या, दुसऱ्या दिवशी बांधल्या, पाच दिवस बांधल्या, दाराला कडी लावून. मग शिबिराच्या फिजिओबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांना तुझी चाल खटकली होती. सरळ विचारलं, "तू तिच्या खोलीत असतेस. तिची पाठ दुखते का?"

मी त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाले, "नाही."

का म्हणाले? तू शपथ घातली होतीस हे एक. पण तेवढंच नव्हतं. माझी निवड होणार नाही हे मला कळून चुकलं होतं. आबा म्हणायचे, तुमच्यातली एक गेली तरी दोघी गेल्या. मला तसं जायचं होतं. तुझ्या पाठीवर बसून.

तू गेलीस. आणि तिथं तो एक सामना खेळलास. मी तो पाहिला नाही, तेव्हा आपल्या सामन्यांना टीव्हीवर कोण दाखवत होतं? पण तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकला की तो मला पाठ आहे. तू पाच जणींना बाद केलंस, आणि शेवटचीचा मधला स्टंप पडल्यावर तू उडी मारायला गेलीस आणि जमिनीवर आलीस ती उठलीच नाहीस. कण्याच्या खालच्या मणक्याला आरपार चीर. डॉक्टर म्हणाले, ही आजची नाही, महिनाभर हिच्यावर ही मुलगी पळतेय. हे ऐकून खोलीतल्या कुणालाही राग आला नाही. मॅनेजरबाई म्हणे टाळ्या वाजवत आत आल्या. "वाघीण आहे!" म्हणाल्या. ज्यांनी तुला सामन्याआधी दोन इंजेक्शनं देऊन मैदानात सोडलं, त्यांनी तुला परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि हात झटकले. सोबत कमरेचा एक पट्टा, तोही दुसऱ्याच मुलीच्या मापाचा.

मी आणि आबा तुला चाळीसगावला उतरवून घ्यायला आलो होतो. फलाटावर ढोलताशा, हार, फेटे. मी आबांना म्हणत होते, हिला आधी दवाखान्यात नेऊ. पण तू दारात उभी राहिलीस, हात वर केलास आणि कुणाचाही आधार न घेता खाली उतरलीस. धुळ्यापर्यंत जीपमधून आणलं तुला. गावात शिरल्यावर उघड्या जीपवर उभं केलं. तासभर मिरवणूक. मी तुझ्यामागे उभी राहून माझ्या साडीच्या पदराआडून तुझी कंबर दोन्ही हातांनी धरली होती. पट्ट्यातून घाम निथळत होता. मी म्हणाले, "बस खाली. पडशील."

"हास ना अलके," तू दात आवळून म्हणालीस. "लोके देखी राह्यनात."

मी हसले. लोक बघत होते म्हणून, देवा, मी हसले.

पुढे तू वर्षभर फळीवर झोपलीस, मग उठलीस, मग निम्म्या रनअपनं परत खेळलीस. दोन सामने. मग संपलं. तुला वगळल्याचं पत्रसुद्धा आलं नाही. पुढच्या संघाच्या यादीत तुझं नाव नव्हतं, एवढंच. आणि तरी प्रत्येक सत्कारात तू तोच किस्सा सांगायचीस, हसवून हसवून. ही अलका, हिनं माझ्या लेस बांधल्या, आणि फिजिओला तोंडावर खोटं सांगितलं! लोक टाळ्या वाजवायचे. मला उभं करायचे.

अमळनेरच्या एका शाळेत तू तो सांगितलास, त्या संध्याकाळी मी फुटले. परत येताना बसमध्ये तुला म्हणाले, "हा किस्सा बंद कर. मला लाज वाटते."

"कसली लाज? तू होतीस म्हणून मी खेळले."

"मी होते म्हणून तू मोडलीस. मी खरं बोलले असते तर तीन महिने बसली असतीस आणि दहा वर्षं खेळली असतीस."

"किंवा कधीच खेळले नसते. माझ्या जागी दुसरी गेली असती आणि तिथंच राहिली असती. तुला काय माहीत नाही?"

"सुरेखा, मला ते 'नाही' परत घ्यायचंय."

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आयुष्यात एक सामना असा मिळाला मला, की बॉल मी म्हणेन तिथं पडत होता. तो तू मला दिलास. दिलेली वस्तू परत मागतेस?"

पंधरा वर्षं झाली, मी त्याचं उत्तर अजून शोधतेय. कधी भाजी चिरताना सुचतंय असं वाटतं, आणि हातून निसटतं. तुला फोन करून सांगायचं म्हणून किती वाक्यं जुळवली होती मी. आता ती कुणाला सांगू?

सगळ्यात जास्त राग कशाचा आहे, सांगू? तुला कळत होतं. मागच्या हिवाळ्यात मुलींच्या सामन्यांना तू धुळ्याच्या मुली घेऊन आली होतीस, मी माझ्या शाळेच्या. तुझी सगळ्यात वेगवान मुलगी नडगी चोळताना तुला दिसली. उपांत्य सामना होता. तू तिला बोलावलंस, नडगी दाबलीस, तिनं "काही नाही मॅडम" म्हटलं. आणि तू मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडलीस, "दुखतंय तर दुखतंय म्हण! तोंड दिलंय ना देवानं?" तिला बसवलंस. सामना हरलात. तू तिच्या शेजारी बसून तिच्या पायाला बर्फ लावत होतीस, आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की मी जवळ आले. तुझ्या पिशवीत दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं दिसली मला.

"आणि हे?" मी विचारलं.

"माझं जुनं आहे," तू म्हणालीस. "त्याची आणि माझी ओळख आहे."

त्या पोरीसाठी एक न्याय आणि स्वतःसाठी दुसरा. कुठून आणलास गं हा न्याय? जीपवर उभं करणाऱ्यांकडून? मॅनेजरबाईंच्या टाळ्यांमधून? माझ्याकडून?

कारण आता शेवटच्या आठवड्याचं बोलायला हवं. रविवारी रात्री प्रकाशरावांचा मला फोन आला. तुझा नवरा माझ्याशी एरवी चार वाक्यं बोलत नाही. म्हणाले, "अलकाताई, हिची पाठ दुखतेय दोन दिवसांपासून. जिना चढताना थांबते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर दाखवलंय म्हणते. मला खरं सांगत नाही, तुम्हाला सांगेल. तुम्ही विचारा."

मी लगेच तुला फोन लावला. तू उचललास. पाठीत वर, दोन खांद्यांच्या मध्ये दुखतंय म्हणालीस. जबडा जड झालाय म्हणालीस, दाढेचं असेल. बोलताना दोनदा थांबलीस, श्वास घेतलास. मी ऐकलं ते. तुझ्या पावलांवरून बॉल ओळखणारी मी, मी ते थांबणं ऐकलं.

"दाखवलंस का?"

"दाखवलं गं."

"खरं?"

"काहीच नही शे वं माय. जुनी पाठ शे. प्रकाशले सांग, मी ठीक शे."

अहिराणीत म्हणालीस. आणि माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा होती, पेपरचे गठ्ठे लावायचे होते. मी प्रकाशरावांना फोन करून सांगितलं, "काळजी करू नका. दाखवून आलीय ती. जुनी पाठ आहे." त्यांनी मानलं. माझ्या शब्दावर ते झोपले. मंगळवारी सकाळी तू अंगणात खाली बसलीस ती बसलीसच. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका चार दिवस आधीच सुरू झाला होता, बायकांना तो असाच येतो, पाठीत, जबड्यात. शुक्रवारी, शनिवारी, अगदी रविवारीसुद्धा आणलं असतं, तर.

ते 'तर' मी रोज गिळते.

दोनदा विचारलं गेलं मला, सुरेखा. हिचं दुखतंय का? दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. पहिल्यांदा मी तुझ्यासाठी खोटं बोलले. दुसऱ्यांदा तू मला खोटं बोलायला लावलंस, आणि मला कळूही दिलं नाहीस. पहिल्याबद्दल मी तुझी माफी मागायची राहिले. दुसऱ्याबद्दल तू माझी मागायला हवी होतीस. आता दोन्ही राहिलं.

काल धुळ्यात तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता. एकामागून एक उठत होते. 'दुःख कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.' 'शेवटपर्यंत हसत होत्या.' 'आजच्या मुलींनी हा आदर्श घ्यावा.' हे शेवटचं एका पदाधिकाऱ्यानं म्हटलं, आणि समोरच्या दोन रांगांत तुझ्याच मुली बसल्या होत्या, ती नडगीवाली पण. मग माझं नाव पुकारलं. जिवलग मैत्रीण, दोन शब्द.

मी माईक धरला. "ती हसत नव्हती," मी म्हणाले. "ती दात आवळत होती. मी जवळून पाहिलंय. आणि आपण सगळे टाळ्या वाजवत होतो म्हणून ती दात सोडत नव्हती. पोरींनो, हिचा इनस्विंग शिका. हिचं हे शिकू नका. हिचं हे चुकलं, आणि माझं त्याहून चुकलं."

पदाधिकाऱ्यानं हळूच माईक काढून घेतला. "ताई भावुक झाल्या आहेत," म्हणाला. "आपण समजू शकतो." आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

मी बाहेर आले. माझ्यामागून प्रकाशराव आले. चप्पल घालायचीही विसरले होते. गेटाशी आम्ही दोघं उभे राहिलो. मला वाटलं, बायकोच्या सभेत हे बोलले म्हणून ऐकवतील. मग म्हटलं, ऐकवू देत, पण त्याआधी सगळं सांगून टाकू. सांगितलं. शिबिरातलं 'नाही' सांगितलं. रविवारचं सांगितलं, ती श्वासाला दोनदा थांबली होती, मी ऐकलं होतं, आणि तरी तुम्हाला ठीक आहे म्हणून कळवलं.

ते म्हणाले, "मला ती म्हणाली, अलकाला विचारा, मी डॉक्टरला दाखवलंय ते तिला माहीत आहे."

"कधी?"

"रविवारी दुपारी. मी तुम्हाला फोन करायच्या आधी."

म्हणजे तू दोन्हीकडे क्षेत्ररक्षण लावूनच बसली होतीस. त्यांना माझ्यावर ढकललंस, मला त्यांच्याकडे वळवलंस, आणि मधून एकटी निघून गेलीस.

प्रकाशरावांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. या माणसानं तीस वर्षांत कुणावर आवाज चढवलेला नाही, तूच सांगायचीस, यांना रिक्षासुद्धा हाक मारून थांबवता येत नाही. ते गेटाबाहेर रस्त्यावर गेले, आग्रा रोडच्या त्या सगळ्या हॉर्नमध्ये उभे राहिले, आणि पोटातून ओरडले.

"सुरेखा!"

मग परत, "सुरेखा! का गं नाही सांगितलंस?"

गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. आतून दोघं-तिघं धावत आले, त्यांना धरून आत न्यायला लागले. मी म्हणाले, धरू नका. ओरडू द्या त्यांना. सुरेखा, आजवर तुझ्या नावानं सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या, तुझ्यावर ओरडणारं एकही माणूस तुला मिळालं नाही.

ते थांबले. धापा टाकत माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही पण ओरडा," म्हणाले.

मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि ओरडले.